मशीनच्या घोड्यावर बसून खऱ्या घोड्यावरची मांड कशी सुधारायची

आधीच सांगून टाकते, मी कोच वगैरे नाही. इंदूरात राहते, रामबागेत माहेर, बँकेत नोकरी, आणि छत्तिसाव्या वर्षी पोरीला रायडिंगच्या क्लासला सोडायला जाता जाता स्वतःच घोड्यावर चढले ती अजून उतरलेली नाही. म्हणजे दोनदा पडले ते सोडून. तर पाच वर्षं शिकूनही माझं एक गाडं अडलेलं होतं, उजव्या हाताला, म्हणजे उजवीकडे गोल फिरताना, कँटर (ट्रॉटपेक्षा जलद, पण भरधाव नाही अशी दौड) मस्त लागायचा आणि डाव्या हाताला घोडी हमखास चुकीचा पाय पुढे टाकायची. मी सगळ्यांना सांगायचे, ही चमेली हट्टी आहे, हिची डावी बाजू आखडलेली आहे, हिला डॉक्टर दाखवा. आमचे साईस (घोडे सांभाळणारे) चाचा तिला खरारा करता करता एकदाच बोलले होते, "दीदी, घोड़ी सीधी है, टेढ़ी आप बैठती हो." मला राग आला होता. खोटं कशाला बोलू.

गेल्या वर्षी दिराकडे इंग्लंडला तीन आठवडे गेलो तेव्हा तिथे जवळच एका सेंटरमध्ये मेकॅनिकल घोडा होता, अर्ध्या तासाला चाळीसेक पौंड, रुपयात हिशोब केला की पोटात गोळा येतो, पण मी चार लेसन घेतले आणि चाचा बरोबर होते हे कळलं. तिथे काय केलं, काय करायला हवं होतं आणि परत येऊन मशीन नसताना काय करते, ते सगळं लिहिते, कारण हल्ली मुलं परदेशात असतात, आईवडील जाऊन येऊन असतात, आणि मोठ्या शहरांतही अशी मशीनं दिसायला लागली तर निदान पहिला लेसन फुकट जायला नको.

मशीन म्हणजे नक्की काय ते आधी. जत्रेतला किंवा मॉलमधला नाणं टाकून हलणारा घोडा डोक्यातून काढा. पूर्ण आकाराचं घोड्याचं धड असतं, मान असते, खरं खोगीर, खऱ्या रिकिबी, खरा लगाम, आणि आतल्या मोटरी त्याला वॉक (साधी चाल), ट्रॉट (दुडकी), कँटरच्या लयीत हलवतात. वॉक चार ठोक्यांचा, ट्रॉट दोन ठोक्यांचा, कँटर तीन ठोक्यांचा आणि मग क्षणभर हवेत, हे सगळं बुडाखाली वेगवेगळं जाणवतं. रेसवूड नावाची ब्रिटिश कंपनी अशी मशीनं बनवते, त्यांत पायाच्या दाबाचे, लगामाच्या ताणाचे, बैठकीच्या वजनाचे सेन्सर असतात आणि समोर स्क्रीन. दुसरा प्रकार बिनमोटरचा, अमेरिकेत फ्रँकी लोव्हॅटो नावाच्या जॉकीने १९८० च्या दशकात इक्विसायझर काढलं, ते स्प्रिंगवर चालतं, तुम्ही हलवाल तसं हलतं, जॉकी लोक त्यावर ढकलण्याचा सराव करतात. पोलोवाले तर कधीपासून जाळीच्या खड्ड्यात लाकडी घोड्यावर बसून चेंडू मारतात. रोमन सैन्यातसुद्धा नवे शिपाई आधी लाकडी घोड्यावर उड्या मारून चढायला शिकत, आधी बिनहत्यारी, मग हत्यारासकट. म्हणजे "हे काय खेळण्यावर शिकणं" म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. आपण मराठी माणसं मल्लखांबाला मानतो ना, मध्य प्रदेशाने २०१३ साली तो राज्याचा खेळ केला, तो खांब काय मारामारी करतो का तुमच्याशी? उभा असतो. तरी त्यावर अंग तयार होतं.

फायदा कुठे आहे तर खरा घोडा तुमची चूक झाकतो किंवा चुकीवर चिडतो. तुम्ही वाकडे बसलात तर बिचारा स्वतः वाकडा होऊन तुमच्याखाली येतो, लगाम ओढलात तर मान वर करतो, आणि तुम्हाला वाटतं घोड्याचंच काहीतरी बिनसलंय. मशीन झाकत नाही आणि चिडतही नाही. शिवाय दहा दहा मिनिटं सलग एकाच लयीत कँटर करतं, खऱ्या घोड्याला तसं पळवलंत तर तो दमेल, तुमच्या धपाधप बसण्याने त्याची पाठ धरेल आणि साईस तुमच्याकडे बघेल ते वेगळंच. आणि इन्स्ट्रक्टर शेजारी उभी राहून चालू कँटरमध्ये तुमचा पाय हाताने धरून जागेवर ठेवू शकते, हे मैदानात शक्य आहे का सांगा.

जाण्याआधी एकच काम करा पण ते करा, आपली एक चूक ठरवून जा. एकच. मी पहिल्या लेसनला गेले आणि म्हणाले मला सगळं सुधारायचंय, तर अर्धा तास थोडा ट्रॉट, थोडा कँटर, स्क्रीनवर गवताळ मैदान बघून खूश, बाहेर आले आणि हातात काही नाही. दुसऱ्या वेळी फोनमध्ये इंदूरचा व्हिडिओ घेऊन गेले, एक बाजूने काढलेला आणि एक मागून, आणि म्हटलं डाव्या हाताचा कँटर लागत नाही, बस. तिथल्या इन्स्ट्रक्टरने मागचा व्हिडिओ दोनदा बघितला आणि हसली. मागून काढलेला व्हिडिओ फार बोलतो, बाजूचा सगळेच काढतात.

कपडे नेहमीचे रायडिंगचे, जॉधपुर्स किंवा शिवण न टोचणारी घट्ट पँट, थोडी टाच असलेले बूट, हेल्मेट लागतं का ते विचारून घ्या. ढगळ कुर्ता नको, इन्स्ट्रक्टरला कंबर दिसली पाहिजे. वजनाची मर्यादा फोनवरच विचारा, तिथे जाऊन लाजण्यापेक्षा बरं. स्लिप डिस्क, गरोदरपण, नुकतंच ऑपरेशन असलं तर आधी डॉक्टरला विचारा, मशीन पाडत नाही पण कंबरेला हिसके बसतातच. आणि वर बसल्या बसल्या थांबवायचं बटण कुठे आहे ते बघून ठेवा.

रिकिबीची लांबी तिथल्या आधीच्या माणसाची ठेवू नका. बोटांची टोकं खोगिरावर रिकिबीचा पट्टा अडकतो तिथे लावा, रिकीब बगलेपर्यंत आली की सुरुवातीला ठीक, मग वर बसून पाय मोकळे सोडा, रिकिबीचा तळ घोट्याच्या हाडाशी आला पाहिजे. उडीसाठी शिकत असाल तर अजून आखूड. मग सरळ रेषा, कान, खांदा, कंबर, टाच. हे सगळ्यांना पाठ असतं आणि मशीन हललं की पहिल्या मिनिटात सगळे विसरतात, मीपण.

पहिली पाच मिनिटं वॉकच. कंटाळा येतो पण इथेच बैठकीची दोन हाडं सापडतात. हात बुडाखाली घालून बघा, टोचतात ती. वॉकमध्ये ती आळीपाळीने पुढे जातात, डावं उजवं डावं उजवं, तुम्ही काही करायचं नाही, फक्त अडवायचं नाही. मग रिकिबी सोडून तेच. मग डोळे मिटून तेच. मग ट्रॉट, आणि इन्स्ट्रक्टरला सांगा हळू ठेव, बहुतेक मशीनचा वेग कमीजास्त करता येतो.

बसून ट्रॉट करताना उडायला होतं त्याचं कारण नव्वद टक्के वेळा गुडघे. नव्वद हा माझा आकडा, कुठे छापलेला नाही. उडालो की भीती वाटते, भीतीने गुडघे आवळतो, गुडघे आवळले की कपड्याच्या चिमट्यासारखे वर सटकतो, आणि अजून उडतो. मशीनवर हे चक्र तोडता येतं कारण पडायची भीती नाही. मला तिने सांगितलं की मुद्दाम गुडघे खोगिरापासून बोटभर लांब ने, तीन ठोके तसंच बस, मग परत टेकव, आवळू नको. दहा मिनिटांत फरक पडला. आणि श्वास. मी श्वास धरून ठेवत होते हे मला माहीतच नव्हतं. तिने बोलायला लावलं, इंग्रजीत काय बोलणार, मी मोठ्याने सतराचा पाढा म्हटला. पाढा अडखळला की समजायचं अंग आखडलंय. हा उपाय मी इथे सगळ्या नवशिक्यांना सांगते, ज्यांना सतराचा येत नाही त्यांनी बाराचा म्हणा.

लगामाचं थोडक्यात, स्क्रीनवर दोन्ही हातांचा ताण दिसतो, माझा उजवा कायम जास्त. आपल्याकडे संक्रांतीला पतंग उडवलाय ना, पतंग वर स्थिर असताना मांज्यावर बोटाला जेवढं जाणवतं तेवढंच हवं, ढील दिली की पतंग गटांगळ्या खातो, खेचत बसलं की मांजा तुटतो. कोपर वाकलेलं आणि सैल राहिलं तर हे आपोआप होतं. मनगटाने करायला गेलात की गेलं.

आता माझी गंमत, ज्यासाठी एवढं लिहायला बसले.

स्क्रीनवर वरून दिसणारं खोगीर असतं आणि त्यावर एक ठिपका, तुमचं वजन जिथे तिथे ठिपका. मी बसले, मला वाटतंय मी शंभर टक्के सरळ, आणि ठिपका उजवीकडे. इंदूरला मला सर नेहमी ओरडून सांगायचे डावीकडे वजन टाका, डावीकडे, आणि मी डावा खांदा खाली करून डावीकडे झुकायचे, घाम निघेपर्यंत. मशीनवर तसंच केलं. ठिपका अजून उजवीकडे पळाला! मी म्हटलं मशीन बिघडलंय. तिने मशीन थांबवलं, माझ्या डाव्या कमरेत बोट खुपसलं आणि सांगितलं बघ, इथे घडी पडली आहे. खांदा डावीकडे झुकवला की डावी कूस मोडते, बरगडी आणि कंबर एकमेकांजवळ येतात आणि बूड उजवीकडे ढकललं जातं. म्हणजे पाच वर्षं मी जेवढं मनापासून ऐकत होते तेवढी चूक वाढवत होते. कँटरला निघताना वजन आतल्या हाडावर हवं, डाव्या हाताला जाताना डाव्या, आतला पाय तंगाशी (पोटाखालून खोगीर आवळणाऱ्या पट्ट्याशी), बाहेरचा पाय जरा मागे. माझे पाय बरोबर सांगत होते डावा, आणि बूड सांगत होतं उजवा, मग चमेलीने बुडाचं ऐकलं यात तिचा काय दोष.

उपाय असा, झुकायचं नाही, लांब व्हायचं. डावा हात सरळ वर, जणू माळ्यावरच्या फळीवरून पापडाचा डबा काढतोय, बोटांच्या टोकाला डबा लागतोय न लागतोय असं. कूस उघडली, डावं हाड खाली टेकलं आणि ठिपका मधे आला. मला इतकं वाकडं वाटत होतं की काय सांगू, वाटलं आता घसरून पडते. सवयीचं वाकडं सरळ वाटतं आणि सरळ बसलं की वाकडं वाटतं, म्हणून नुसत्या जाणिवेवर भरवसा ठेवू नका, निदान पहिले काही दिवस.

पण म्हणून स्क्रीनकडे टक लावून बसायचं नाही, ही सगळ्यांत मोठी चूक, विशेषतः पोरं त्याचा व्हिडिओ गेम करतात, ठिपका मधे ठेवायला काहीही वेडेवाकडे होतात. बरोबर पद्धत अशी की डोळे मिटा, वीस ठोके चाला, थांबल्यावर आधी तोंडाने सांगा ठिपका कुठे असेल, मग डोळे उघडून बघा. पहिल्या दिवशी माझे दहापैकी तीन बरोबर आले, चौथ्या लेसनला सात. हा अंदाज बरोबर यायला लागणं हीच खरी कमाई, कारण चमेलीच्या मानेवर स्क्रीन नाही लावलेली. लेसन संपल्यावर लगेच बाहेर बाकावर बसून फोनमध्ये दोन मिनिटं बोलून ठेवा, कुठे काय वाटलं ते, आपल्याच शब्दांत. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये "पापडाचा डबा" सात वेळा आहे. दिराला वाटलं मला घरची आठवण येतेय.

अर्धा तास पुरे. पाऊण तासाचा घेऊ नका, मांडीच्या वरची जांघेतली नस इतकी भरते की दुसऱ्या दिवशी मला बसमध्ये चढता येईना. दोन लेसनच्या मधे तीनचार दिवस ठेवा आणि जमलं तर मधे एकदा खऱ्या घोड्यावर बसा.

मशीन काय शिकवत नाही तेही ऐकून ठेवा. ते जागच्या जागी हलतं, त्यामुळे वळणावर बाहेर फेकले जाण्याचा जोर कळत नाही. उडीआधी किती पावलं उरली तो अंदाज येत नाही. ते दचकत नाही, आणि आमच्या क्लबामागच्या गार्डनमध्ये लग्नसराईत बँड आणि फटाके सुरू झाले की चमेली जी चार पायांवर एकदम डावीकडे सरकते ते कुठल्या मोटरीला जमणार. कान मागे गेले म्हणजे काय, तंग आवळताना पोट फुगवते तेव्हा काय करायचं, खूर कसे उचलायचे, हे साईसकडूनच शिकायचं. होळकरांच्या फौजेत म्हणे स्वतःचा घोडा असलेला तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर, तर आपण सिम्युलेटरवाले बारगिराच्याही खालचे, घोडासुद्धा विजेवर. थोडं जमिनीवर राहिलेलं बरं.

परत आल्यावर पहिल्याच दिवशी कँटर करायला जाऊ नका. मी गेले आणि तोंडावर आपटले, म्हणजे पडले नाही पण सगळं जुनं परत आलं. मग सरांशी बोलून ठरवलं की पहिली पंधरा मिनिटं फक्त वॉक, दर फेरीत एकदा डबा काढायचा, दुसऱ्या आठवड्यात ट्रॉट, तिसऱ्या आठवड्यात डाव्या हाताला तीन वेळा कँटर मागायचा, लागो न लागो, चौथ्यांदा नाही. तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्याच वेळी लागला. मी इतकी दचकले की लगाम ओढून थांबवलं तिला, बिचारी.

आता मशीन इथे जवळपास नाही त्याचं काय. दोन बाथरूमचे वजनकाटे घ्या, एक शेजारणीकडून मागा. कडक बाकावर शेजारी शेजारी ठेवा, प्रत्येकावर एक कुल्ला, पाय अधांतरी लोंबू द्या, समोर बघा, दुसऱ्याला आकडे वाचायला सांगा. माझा उजवा काटा सहा किलो जास्त. नवरा म्हणाला आता तराजूत बसून भाजी विकणार का. डबा काढायचा हात वर केला की फरक दोनावर येतो. रोज दात घासल्यावर दोन मिनिटं, एवढंच. नंतर मला लक्षात आलं की मी ऑफिसची बॅग कायम एकाच खांद्यावर आणि स्कूटी सिग्नलला थांबवताना कायम एकच पाय टेकवते, तेही बदलून बघतेय, अजून जमत नाही.

लगामासाठी बॅगा तोलायचा स्प्रिंगकाटा दाराच्या मुठीला अडकवा, त्याला ओढणी बांधून धरा आणि खुर्चीच्या कडेवरून रायझिंग ट्रॉटसारखं (ट्रॉटच्या ठोक्यावर खोगिरातून उठून बसतात तसं) उठबस करा, काटा हलला नाही पाहिजे. जिथे शिकता तिथे जागा असेल तर जुना लोखंडी ड्रम घडवंचीवर पक्का बांधून त्यावर गोधडी आणि जुनं खोगीर टाकून घ्या, वेल्डरकडून पाय लावून घेतले तर उत्तमच, हलत नाही पण मांड, रिकिबी न घेता बसणं, चढणं उतरणं सगळं होतं आणि खऱ्या घोड्याची पाठ वाचते. २०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये ड्रेसाजच्या (घोड्याकडून ठरलेल्या चाली अचूक करून घ्यायचा प्रकार) टीमला सोनं मिळालं, घोडेस्वारीत भारताला ४१ वर्षांनी, आणि त्या चौघांत आपल्या इंदूरची सुदीप्ती हजेला होती, तेव्हापासून आमच्या क्लबात लहान मुलांची गर्दी आहे आणि घोडे तेवढेच. म्हणून आम्ही ड्रम बसवलाच. पोरं त्यावर रांग लावतात.

काटे मी एका रविवारी क्लबात घेऊन गेले, सगळ्यांनी बसून बघितलं, सरसुद्धा चार किलोने डावीकडे निघाले आणि नंतर बराच वेळ गप्प होते. शेवटी चाचांना बळेच बसवलं. साठी उलटलेला माणूस, आयुष्य घोड्यावर. दोन्ही काटे जवळजवळ सारखे, उजवा अर्धा किलो जास्त. आम्ही टाळ्या वाजवायला लागलो तर ते ओशाळून उठले आणि म्हणाले, "अरे वो तो जेब में चाबी का गुच्छा है."